पोटासाठी बाटले?

आपल्या सभांतून एक वाक्य फार सैल तोंडानं बोललं जातं. हे ख्रिस्ती लोक पोटासाठी बाटले, मिशनच्या धान्यावर गेले. मी बौद्ध. पण नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर), आणि माझ्या नात्यात येशूची घरं आहेत. म्हणून हिशेब मांडतो.

अमेरिकन मराठी मिशननं नगरला ठाणं मांडलं १८३१ साली. सुरुवातीला थोडे ब्राह्मणही आले. मंडळ्या भरल्या त्या मात्र महारवाड्यातून, पुढं मांगवाड्यातूनही. मोठा दुष्काळ १८७६ ते ७८ चा. मग आधीची चाळीस-पंचेचाळीस वर्षं माणसं कुठल्या धान्यासाठी गेली? अक्षरासाठी गेली. मिशनच्या शाळेत महाराच्या पोराच्या हाती पाटी येत होती. मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीचा निबंध १८५५ साली छापला तो मिशनच्याच 'ज्ञानोदया'नं. दुष्काळात आणि नंतर बाप्तिस्मे वाढले, हे मी झाकत नाही. उपाशी माणूस भाकर असेल तिकडं जाणार. ज्यांची पेवं भरलेली होती त्यांनी ती दिली नाही, हेही तेवढंच खरं.

बाप्तिस्म्यानं गावकूस काही हललं नाही. पाटलाला येसकर हवाच होता, मेलेलं ढोर ओढायला माणूस हवाच होता. विहीर तीच, बंद. मिशनचा पगार मास्तराला, पाळकाला, बायबलबाईला; बाकीचे मजूरच राहिले. आणि जात? ती देवळात घुसली. ख्रिस्ती महार ख्रिस्ती मांगाला पोरगी देईना.

मग श्रद्धा टिकली कशावर? मला विचाराल तर गाण्यावर. कृष्णराव सांगळ्यांनी नगरकडं ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. १८९५ ला ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाची भजनं लिहिली. टिळक ब्राह्मण, त्यांचं नाव इतिहासात आहे. ती भजनं पाठ करून पोरांना देणाऱ्या महारवाड्यातल्या म्हाताऱ्यांची नावं कुठं नाहीत. प्रार्थना साहेबाच्या भाषेत राहिली असती तर ४७ ला साहेबाबरोबर बोटीत बसून गेली असती. ती राहिली, कारण ती आईच्या तोंडची झाली होती.

खरी कसोटी पुढं आली. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. त्यातला तिसरा परिच्छेद तेव्हा म्हणत होता, हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही. म्हणजे येशू म्हटलं की शिष्यवृत्ती गेली, राखीव नोकरी गेली. पुढं १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा झाला, तोही त्यांच्या कामाचा नाही. मारणारा मात्र जात बघूनच मारतो. पोटासाठी आलेला माणूस त्या दिवशीच उठून गेला असता. काहींनी दाखल्यावर 'हिंदू महार' ठेवलं आणि रविवारी देवळात गेले. त्याला लबाडी म्हणणाऱ्यानं आधी स्वतःच्या पोराची फी भरून बघावी. पुष्कळांनी दाखल्यावरही ख्रिस्तीच लिहिलं आणि तोटा सोसला.

हा तोटा आपल्याला परका आहे का? ५६ ला आपण दीक्षा घेतली आणि याच परिच्छेदानं आपल्यालाही बाहेर काढलं. महाराष्ट्रानं राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या दारातून आपण आत गेलो ते १९९० साली. तेव्हा आपल्याला कुणी 'परत हिंदू व्हा' म्हटलं असतं तर? आज आपल्यातलेच काही म्हणतात, वाटेकरी वाढतील. शीख आपल्या आधी, ५६ लाच आत आले होते. त्यांनीही तेच म्हणायचं होतं का?

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतरावर लिहिलं, ते त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहे. सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज लढला नाही, असा त्यांचा ठपका आहे. तो खराच होता. पण पुढं एक लढला. मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणारे सुसाई. सरकार तिथल्या चांभारांना फुकट टपऱ्या वाटत होतं. हे आदि-द्रविड, पण ख्रिस्ती, म्हणून यांना नाही. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९८५ साली निकाल लागला: धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तेवढाच राहतो, याचा पुरेसा पुरावा दिलेला नाही. पुरावा रस्त्यावर बसून चपला शिवत होता. २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हटलं. सरकारनं काढली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, सुसाईंचाच प्रश्न पुन्हा तपासायला.