बडोद्याचे अकरा दिवस आणि भाड्याच्या घराचा कायदा

बाबासाहेबांच्या बडोद्यातील प्रसंगाबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते कमाटी बागेतल्या अश्रूंपाशी थांबते. भाषणातही तेच, पोस्टरवरही तेच. त्या अश्रूंचे मोल आम्ही जाणतो. पण तो प्रसंग मुळात भाड्याच्या घराचा आहे आणि त्यातून पुढे एक कायदा उभा राहिला, हे मात्र आपल्या तरुणांना सहसा कुणी सांगत नाही.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. नोकरी पक्की होती, राहायचे कुठे हे ठरत नव्हते. हिंदू खाणावळीत जात लपवल्याशिवाय जागा मिळणार नव्हती. म्हणून ते एका पारशी सराईत गेले. तिथे फक्त पारशांनाच उतरता येई. सराई ओस पडलेली, चालकाला गिऱ्हाईक हवे होते. रोजचा दीड रुपया ठरला आणि नोंदवहीत पारशी नाव लिहिले गेले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोडा, असे बजावून गेले. एक हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला. त्याने बायकोला विचारून सांगतो म्हटले, आणि बायको जुन्या वळणाची होती. मग ती बाग, आणि रात्रीची मुंबईची गाडी. हे सर्व बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते १९९० मध्ये छापले गेले.

याच हकिकतीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. बाबासाहेबांनी सरकारी बंगल्यासाठी रीतसर अर्ज केला होता. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. उत्तर येण्याआधीच काठ्या आल्या. गादीवर कोण होते? अस्पृश्यांसाठी शाळा काढणारे सयाजीराव. राजा भला होता, शिष्यवृत्ती त्यांनीच दिली होती. तरीही एका अर्जावर सही झाली नाही, कारण सही करणे कुणावर बंधनकारक नव्हते. मालकाच्या चांगुलपणावर विसंबून घर मिळत नाही, ते राजाच्या चांगुलपणावरही मिळाले नाही.

मुंबईत बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले, दादरला 'राजगृह' होईपर्यंत. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतही आपल्या हजारो माणसांना खोल्या मिळाल्या. त्या चाळी काही राजवाडे नव्हत्या. पण तिथे मालक सरकार होते, हा फरक मोठा आहे.

१९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडली. तिच्यात बहिष्कार हा गुन्हा मानावा अशी मागणी होती, आणि बहिष्काराच्या व्याख्येत सुरुवातीलाच घर किंवा जमीन भाड्याने द्यायला नकार देणे हे कलम होते. नमुना घेतला होता ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तीच व्याख्या पुन्हा आली. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, ज्याला १९७६ पासून आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, त्याच्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात घर भाड्याने न देणे बहिष्कारात मोडते. कलम ४ तर थेटच आहे : अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर घ्यायला किंवा तिथे राहायला आडकाठी करणे हा गुन्हा.

आता कुणी म्हणेल, घर त्याचे, द्यायचे की नाही तो ठरवेल. छोट्या समाजांनी आपल्यापुरती वस्ती राखली तर बिघडले कुठे, असेही विचारले जाते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा उपविधी वैध ठरवला. पारशी संख्येने थोडे आहेत, त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. अग्यारी त्यांनी जरूर आपल्यापुरती ठेवावी. पण हाच युक्तिवाद गावातली बहुसंख्य जात करू लागली की अख्खे गावच सोसायटी होते आणि आपल्यासाठी गावकुसाबाहेरची जागा तेवढी उरते.

आणि ती करतेच. तालुक्याच्या ठिकाणी बदली झालेला आपला शिक्षक, तलाठी, बँकेतला पोरगा, सगळ्यांना प्रश्नांचा क्रम पाठ आहे. पूर्ण नाव काय? गाव कुठले? गावात कुठल्या आळीला? नॉनव्हेज चालते का? मग संध्याकाळी फोन येतो, मुलाचे लग्न ठरले, खोली आम्हालाच लागणार. जात हा शब्द कुणी उच्चारत नाही. म्हणूनच पुरावा कुठून आणायचा असे म्हणत आपली माणसे गप्प बसतात.

इथे कलम १२ वाचावे. तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल आणि आडकाठीचे कृत्य सिद्ध झाले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. बौद्धांना केंद्राने अनुसूचित जातीत धरले ते १९९० मध्ये, त्यामुळे आधीच्या पिढीला हा आधार मिळणे अवघड होते. आपल्याला आहे. तरीही आपण काय करतो? आडनाव अर्धवट सांगतो, फोटो उतरवून ठेवतो. नाव बदलून मिळालेली जागा बडोद्यात अकरा दिवस टिकली होती.

तेव्हा एजंटचे मेसेज पुसू नका. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, काय म्हणाले ते त्याच दिवशी लिहून ठेवा. ओळखीच्या दुसऱ्या आडनावाच्या मित्राला त्याच खोलीसाठी फोन करायला लावा, त्याला 'या, बघून जा' म्हटले तर तेही टिपून ठेवा. खोली मिळाली तर नोंदणीकृत करार मागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. आणि ॲट्रॉसिटी कायद्याखालची जिल्हा दक्षता समिती दर तीन महिन्यांनी बसायला हवी. आपल्या जिल्ह्यात ती शेवटची कधी बसली आणि घर नाकारल्याची एक तरी तक्रार तिच्यापुढे आली का, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.