झाडीपट्टीतील दिवाळीची घरसजावट
१९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी वैनगंगेकाठच्या या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीची घरसजावट सारखीच राहिली. हलके धान, म्हणजे लवकर पिकणारे भात, याच सुमारास कापणीला येत असल्याने भिंती पांढऱ्या मातीने पोतारणे, अंगण शेणाने सारवणे आणि दारावर धानाच्या लोंब्या, म्हणजे कणसे, गुंफून टांगणे ही कामे पूजेपेक्षा सुगीशीच अधिक निगडित होती. पोतारण्याला अंगमेहनत लागे. लोंब्यांची गुंफण मात्र ओसरीवर बसल्याबसल्या होई, त्यामुळे ती थकल्या हातांनाही जमे. सिमेंटच्या भिंती आणि तयार रंग आल्यावर पोतारणे मागे पडले, आणि वृद्धांच्या घरी अंगणातला सडा, रांगोळीच्या चार रेघा व एक तोरण एवढ्यावरही सण साजरा होऊ लागला.