सोंग आपलं, पावतीपुस्तक दुसऱ्याचं

मी ज्या कोडवर काम करते त्याचं काम सांगायला सोपं आहे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला लोकांच्या कार्डावरून ठरलेली रक्कम कापायची. कापली गेली तर एक ओळ, नाही गेली तर दुसरी ओळ. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा वर्षं यांचं सार एवढंच. त्यामुळे ‘सबस्क्रिप्शन’ हा शब्द ऐकला की मला सिनेमे आणि गाणी आठवत नाहीत, त्यासाठीचा आपला जुना शब्द आठवतो. वर्गणी. आणि गणपतीची वर्गणी मागत ज्यांनी जिने चढलेत त्यांना माहीत असतं, मंडळात खरा वट अध्यक्षाचा नसतो. पावतीपुस्तक ज्याच्याकडे, त्याचा असतो.

कॉस्प्ले करून पैसे कमावण्याचा इतिहास वाचताना मला हे पावतीपुस्तक सारखं दिसत राहिलं. कपडे बदलले, पात्रं बदलली, कागदी पुठ्ठ्याच्या जागी फोम आला. पण वर्गणीदारांची यादी कोणाच्या हातात, हा प्रश्न तोच राहिला.

सुरुवात १९३९ची. जुलैच्या २ तारखेला न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. माणसं साधारण दोनशे. त्यात लॉस एंजेलिसहून आलेले दोघंच असे होते जे भविष्यकाळातले कपडे घालून हिंडत होते: फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस. ‘थिंग्ज टू कम’ हा १९३६चा सिनेमा आणि फ्रँक पॉल या चित्रकाराची मासिकांतली चित्रं यांवरून ते पोशाख बेतले होते. पुढची कितीतरी वर्षं ‘कॉस्प्लेचा जनक’ म्हणून अ‍ॅकरमनचं नाव घेतलं गेलं. पोशाख मात्र दोन्ही मर्टलनं शिवले होते, स्वतःचा आणि त्याचाही. चाहत्यांच्या जगात ती ‘मोरोजो’ या नावानं ओळखली जायची. शिवणाऱ्या बाईचं नाव तळटीपेत आणि घालून मिरवणाऱ्याचं मथळ्यात, हे आपल्याकडेही काही नवीन नाही.

त्या पोशाखावर मोरोजोला एक सेंटही मिळाला नाही आणि तिची ती अपेक्षाही नव्हती. पण ती आणखी एक काम करत होती. अ‍ॅकरमनसोबत ती चाहत्यांची नियतकालिकं काढायची. स्टेन्सिल कापायचे, यंत्रावर प्रती काढायच्या, पाकिटात घालून टपालानं पाठवायच्या. अशा नियतकालिकांत कोणाला अंक जातो आणि कोणाचे पैसे आले नाहीत, हे काढणाऱ्यालाच माहीत असे. पत्त्यांची यादी घरातच. उत्पन्न नगण्य, पण पावतीपुस्तक पूर्णपणे आपलं.

नंतरची तीसेक वर्षं भराभर पार करता येतील. अमेरिकी संमेलनांत वेशभूषा स्पर्धा रूढ झाल्या, बक्षीस म्हणजे टाळ्या. १९७२ साली एक पठ्ठ्या अंगाला पीनट बटर फासून स्टेजवर गेला. तो चिकटा इतरांच्या महागड्या पोशाखांना लागला आणि पीनट बटरवर बंदी आली. पैशाचा प्रश्नच नव्हता, हौसेचा मामला होता.

पैसा शिरला तो जपानमध्ये, तोही हळूच. डिसेंबर १९७५मध्ये टोकियोत ‘कॉमिकेट’ नावाचा बाजार सुरू झाला. हौशी मंडळी स्वतः काढलेल्या चित्रकथा टेबल मांडून विकत. तिथे पात्रांचे कपडे घालून येणारेही वाढत गेले. ‘कॉस्प्ले’ हा शब्द नोबुयुकी ताकाहाशी या पत्रकारानं रूढ केला. त्यानं १९८४चं लॉस एंजेलिसचं संमेलन पाहिलं आणि परत येऊन हा शब्द बनवला, अशी गोष्ट जागोजागी वाचायला मिळते. पण तो शब्द ‘माय अ‍ॅनिमे’ मासिकाच्या जून १९८३च्या अंकातच छापलेला आहे. टाइमस्टॅम्प जुळत नाही. गोष्ट मात्र अजून फिरते आहे.

डिजिटल कॅमेरा आणि सीडी रायटर स्वस्त झाल्यावर त्याच टेबलांवर नवीन माल दिसू लागला: कॉस्प्लेच्या फोटोंची सीडी. समोर गिऱ्हाईक, हातात रोख, मध्ये कोणी नाही. अडचण एकच होती. बाजार वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये. कापड, विग, प्रवास आणि खोलीचं भाडं मात्र बाराही महिने.

ही खाच २०१३ साली भरली गेली आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. जॅक काँटी नावाच्या संगीतकारानं एका गाण्याच्या व्हिडिओसाठी ‘स्टार वॉर्स’मधल्या मिलेनियम फाल्कन यानाचं कॉकपिट हुबेहूब बांधलं. काही महिने घासला, दोन क्रेडिट कार्डं रिकामी केली, खर्च सुमारे १०,००० डॉलर. यूट्यूबच्या जाहिरातींतून अशा लाखो व्ह्यूजचे आपल्याला जेमतेम शे-दोनशे डॉलर मिळणार, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. मग त्यानं आणि सॅम यॅमनं मिळून पॅट्रिऑन काढलं. चाहत्यानं थेट कलाकाराला दरमहा किंवा दर कलाकृतीमागे पैसे द्यायचे, कंपनी त्यातले ५ टक्के घेणार. म्हणजे बघा, वर्गणीवर जगणाऱ्या आजच्या सगळ्या कलाकारांचा हा प्लॅटफॉर्म ज्या वस्तूच्या खर्चापायी सुचला, ती वस्तू दुसऱ्याच्या कल्पनेची नक्कल होती. ते यान लुकासफिल्मचं आणि लुकासफिल्म नुकतीच डिस्नेनं विकत घेतलेली. एका अर्थानं पॅट्रिऑनचा जन्मच कॉस्प्लेच्या पोटी झाला.

कॉस्प्लेवाल्यांना हे गणित बरोब्बर बसलं. तीन महिने चिलखत बनवायचं आणि एका दिवसात त्याचे फोटो काढायचे, अशा कामाला जाहिरातीचे पैसे पुरत नाहीत. पण ते तीन महिनेच विकता आले तर?

माझी कॉलेजमधली एक मैत्रीण हेच करते. दिवसा वाहनांच्या पार्ट्सचं डिझाइन, रात्री इव्हीए फोमचं चिलखत. हीट गन, कटर, फेव्हिकॉल एसआर आणि सगळ्या फ्लॅटभर त्याचा वास. तिच्या वर्गणीच्या तीन पायऱ्या आहेत. ३ डॉलरमध्ये काम चालू असतानाचे फोटो, १० डॉलरमध्ये कापायचे पॅटर्न मापांसकट, २५ डॉलरमध्ये सही केलेली प्रिंट पोस्टानं. सगळ्यात जास्त काय खपत असेल? मधली पायरी. लोकांना तिच्या फोटोंपेक्षा खांद्याच्या पट्ट्याचा पॅटर्न हवा असतो. यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला, तिचा नाही लागला. ती मेकॅनिकलची आहे, ड्रॉइंगची किंमत तिला माहीत.

परदेशातून पैसे आले की बँकेला ‘पर्पज कोड’ सांगावा लागतो, हे पैसे कशाचे ते. त्या यादीत कॉस्प्ले नाही. काउंटरवरच्या साहेबांना तिनं दहा मिनिटं समजावलं, शेवटी त्यांनी विचारलं, “म्हणजे फॅन्सी ड्रेसच ना?” माझ्या आजीला सांगितलं तर ती पटकन म्हणाली, “अगं, बहुरूपीच की.” आजीचं उत्तर साहेबांपेक्षा जवळचं आहे. सोंग घेऊन दारोदार जाणाऱ्याची तीच मिळकत असे. फरक इतकाच, कोणत्या दारी पायली मिळते आणि कोणत्या दारी कुत्रं सोडतात हे बहुरूप्याला तोंडपाठ असायचं. मैत्रिणीच्या दारांची यादी सर्व्हरवर आहे, आणि सर्व्हर तिचा नाही.

याचा अर्थ काय होतो ते डिसेंबर २०१७मध्ये दिसलं. पॅट्रिऑननं जाहीर केलं की यापुढे प्रत्येक वर्गणीवर २.९ टक्के अधिक ३५ सेंट इतका आकार वर्गणीदाराकडून घेतला जाईल. १०० डॉलर देणाऱ्याला काही वाटणार नाही. पण १ डॉलर देणाऱ्याला वर ३८ सेंट पडणार. दहा कलाकारांना एकेक डॉलर देणारे चाहते एका रात्रीत गळायला लागले आणि ज्यांचं उत्पन्न अशा थेंबांनी भरत होतं त्यांचं भांडं गळायला लागलं. आठवड्याभरात कंपनीनं माफी मागून निर्णय मागे घेतला. गेलेले सगळे परत आले नाहीत.

आता तो प्रश्न, जो मैत्रिणीबद्दल सांगितल्यावर समोरचा हमखास विचारतो, आवाज खाली करून. ती ‘तसलं’ काही करते का? नाही करत. भारतात बसून ते करणाऱ्याच्या डोक्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लटकतं, हा भाग आहेच. पण कॉस्प्लेच्या कमाईतून तो भाग वगळून इतिहास सांगणं म्हणजे तमाशाचा इतिहास लावणी वगळून सांगणं. २००९ साली जेसिका निग्री ही अमेरिकी तरुणी पिकाचूच्या तोकड्या पोशाखात सॅन दिएगोच्या कॉमिक कॉनला गेली, फोटो जगभर फिरले. २०१२ साली एका गेम कंपनीनं तिला आपल्या नायिकेची अधिकृत कॉस्प्लेअर म्हणून नेमलं. तेव्हा बोस्टनच्या प्रदर्शनात आयोजकांनी तिला कपडे बदलायला सांगितलं. पात्र कंपनीचं, पोशाख त्या पात्राचा, पगार कंपनीचा. लाज मात्र तिनं बाळगायची.

२०१६मध्ये लंडनमध्ये ओन्लीफॅन्स सुरू झालं. २० टक्के कंपनीचे, ८० कलाकाराचे. प्रौढांसाठीचा मजकूर तिथे उघडपणे चाले, त्यामुळे असे फोटो देणाऱ्या कॉस्प्लेअर्सही तिकडे गेल्या. पॅट्रिऑननं ऑक्टोबर २०१७मध्ये नियम कडक केल्यावर तर जाण्याला आणखी एक कारण मिळालं. मग १९ ऑगस्ट २०२१ला ओन्लीफॅन्सनंच जाहीर केलं की १ ऑक्टोबरपासून उघड लैंगिक मजकूर बंद. कारण दिलं बँकांचं. सहा दिवसांनी, २५ तारखेला, निर्णय फिरवला. त्या सहा दिवसांत घरभाड्याचा हिशेब करणाऱ्या हजारो जणींना कळलं की पावतीपुस्तक प्लॅटफॉर्मच्याही हातात पूर्ण नाही. त्याच्या वर बँक बसली आहे आणि कार्डाची कंपनी बसली आहे. तिथे कोणाशी बोलायचं, याचा पत्ताही नसतो.

गंमत म्हणजे त्याच १ ऑक्टोबर २०२१ला भारतात वेगळंच काही घडलं. रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम लागू झाला: कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायचे तर आधी ग्राहकाची नीट परवानगी हवी, कापण्यापूर्वी सूचना हवी. नियम चांगला आहे, माझं ठाम मत आहे. विसरलेल्या ट्रायलचे पैसे वर्षभर कापले गेलेले मी कामात पाहिलेत. पण बऱ्याच परदेशी प्लॅटफॉर्मनी त्यासाठी लागणारी जोडणी केलीच नव्हती. आमच्या स्क्रीनवर त्या आठवड्यात ‘अयशस्वी’च्या ओळी उतरत होत्या. मैत्रिणीचे भारतातले वर्गणीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यातल्या कोणीच तिला सोडायचं ठरवलेलं नव्हतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. आकडेही तेच सांगतात. ओन्लीफॅन्सच्या २०२३च्या हिशेबात चाहत्यांनी खर्च केलेले ६.६ अब्ज डॉलर आणि कलाकारांची ४१ लाख खाती आहेत. ८० टक्के धरून भागाकार करा: खात्यामागे वर्षाला सुमारे १,३०० डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण नऊ हजार रुपये. ही सरासरी झाली. वरचे मूठभर लाखोंनी घेतात, म्हणजे मधल्या माणसाच्या हाती याहून कमी. नोकरी सोडण्याआधी हा भागाकार करावा.

पात्राच्या मालकाचा हिस्सा तर अजून ठरलेलाच नाही. टोकियोत मारिओचे पोशाख भाड्यानं देऊन गो-कार्ट चालवणाऱ्या कंपनीला निन्टेंडोनं कोर्टात खेचलं आणि २०२०मध्ये वरच्या न्यायालयानं ५ कोटी येनची भरपाई ठरवली. ती कंपनी होती. एकट्या कॉस्प्लेअरचं काय? २०२१च्या सुरुवातीला जपान सरकारनं या प्रश्नाला हात घातला, मंत्र्यांनी एनाको या तिथल्या सर्वांत प्रसिद्ध व्यावसायिक कॉस्प्लेअरचं म्हणणंही ऐकून घेतलं. हौस म्हणून करणाऱ्याला कोणी अडवत नाही, पैसे घेणाऱ्याबद्दल मात्र स्पष्टता नाही. मालकाच्या दुर्लक्षावर चालणारा धंदा आहे हा.

आणि टोलनाके वाढतच आहेत. ऑगस्ट २०२४मध्ये पॅट्रिऑननं कळवलं की आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतलेल्या नव्या वर्गणीवर नोव्हेंबरपासून अ‍ॅपल ३० टक्के घेणार. अमेरिकेत पुढच्या वर्षी एका न्यायालयीन निकालानं त्यातून वाट काढून दिली. आयफोनवर हे वाचत असाल आणि कोणा कलाकाराची वर्गणी भरायची असेल, तर अ‍ॅपऐवजी ब्राउझर उघडा. दोन मिनिटं जास्त लागतील.

मैत्रिणीनं यातून एकच गोष्ट उचलली. पॅट्रिऑनवरून वर्गणीदारांची नावं आणि ईमेल फाइलमध्ये उतरवून घेता येतात. ओन्लीफॅन्सवर तशी सोय नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला ती ती फाइल उतरवते, कुलूप लावून पेन ड्राइव्हवर ठेवते, आणि २५ डॉलरवाल्यांचे पत्ते एका दोनशे पानी वहीत हातानं लिहिते. वही कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, पोस्टात पत्ते लिहिताना बरी पडते. गेल्या दिवाळीत तिनं त्या वहीतल्या सगळ्यांना प्रिंट पाठवल्या, वर्गणी थांबवलेल्यांनाही. दोन पाकिटं परत आली. त्या पत्त्यांवर तिनं पेन्सिलनं काट मारली आहे, पेननं नाही.