आधी पूर, मग बाग: ओकायामातला एक रविवार

आजच्या भागात किल्ला आहे, सरदार आहेत, पण लढाई नाही. आहे ती एक नदी, आणि ती आपल्या ओळखीची वाटेल अशी.

झालं असं की कंपनीच्या कामासाठी मी तीन आठवडे ओसाकात होतो. एक रविवार मोकळा मिळाला. सगळे म्हणाले क्योतोला जा. मी ओकायामाला गेलो. शिनकान्सेननं तासाभराच्या आतलं अंतर. कारण अगदी पुणेरी आहे. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, तुम्हाला माहीत असेलच. बीटेकच्या परीक्षांआधी मी तिथल्या तळ्याकाठी नोट्स वाचत बसायचो. ती बाग ज्या बागेवरून केली, ते कोराकुएन बघायचंच होतं.

स्टेशनबाहेर मोमोतारोचा पुतळा आहे. पीचमधून जन्मलेला लोककथेतला पोरगा, सोबत कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी. त्याच्याच नावाच्या रस्त्यावरून ट्राम जाते. शिरोशिता स्टॉपवर उतरलो, दहा-पंधरा मिनिटं चाललो आणि आसाही नदी दिसली. एका काठावर काळ्या रंगाचा किल्ला. त्या रंगामुळे लोक त्याला ‘कावळ्याचा किल्ला’ म्हणतात. समोर, नदीच्या मधोमध, बाग.

आता जरा मागे जाऊ. १५९७ साली उकिता हिदेइए यानं हा किल्ला पूर्ण केला. नदीचाच खंदक व्हावा म्हणून तिचा प्रवाह किल्ल्याला वळसा घालेल असा वळवला. शत्रूसाठी उत्तम, पण गावासाठी डोकेदुखी. वळवलेली नदी पावसाळ्यात तुंबायची आणि पाणी वस्तीत शिरायचं. १६५४ साली तर मोठाच पूर आला.

तोवर सत्ता इकेदा घराण्याकडे आली होती. त्यांच्या दरबारी कुमाझावा बान्झान नावाचा विद्वान होता. त्यानं कल्पना मांडली, की नदीला अडवू नका, जास्तीच्या पाण्याला दुसरी वाट द्या. ती प्रत्यक्षात आणली त्सुदा नागातादा या अधिकाऱ्यानं. शहराच्या वरच्या अंगाला काठावर एक ठरावीक उंचीचा बांध ठेवला. पाणी त्या उंचीच्या वर गेलं की आपोआप बाजूच्या रुंद पात्रात उतरतं आणि शहराला वळसा घालून समुद्राकडे जातं. या पात्राचं नाव ह्याक्केनगावा. शंभर ‘केन’, म्हणजे साधारण १८० मीटर रुंदीवरून पडलेलं. १६६९ मध्ये काम सुरू झालं, १६८६ च्या सुमारास संपलं.

आणि आता तारीख बघा. कोराकुएनचं काम सुरू झालं १६८७ मध्ये! दाइम्यो इकेदा त्सुनामासानं हुकूम दिला आणि काम सोपवलं त्याच त्सुदा नागातादाकडे. म्हणजे आधी पुराचा बंदोबस्त, मग बाग. आपल्याकडे तेव्हा संभाजी महाराजांचं राज्य होतं. बाग १७०० साली पूर्ण झाली, त्याच वर्षी इकडे ताराराणींनी सूत्रं हाती घेतली.

बागेत शिरल्यावर आधी दिसते ती हिरवळ, मग तळं, चहाची रोपं आणि चक्क भातखाचर. र्‍युतेन नावाचा एक मंडप आहे, त्याच्या मधूनच पाण्याचा पाट वाहतो. मी बूट काढून तिथं बराच वेळ बसलो. ‘कोराकुएन’ हे नाव मात्र १८७१ चं. त्यामागे जुनी चिनी शिकवण आहे: राज्यकर्त्यानं चिंता सगळ्यांच्या आधी करावी, सुख सगळ्यांच्या नंतर भोगावं. १८८४ मध्ये बाग प्रांताच्या ताब्यात आली आणि सगळ्यांसाठी खुली झाली.

२९ जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात किल्ला जळाला, बागेतलं मुख्य घर एन्योतेइही जळालं. पण एदो काळातली चित्रं आणि कागदपत्रं शिल्लक होती. त्यावरून बाग पुन्हा उभी केली. एन्योतेइ १९६० मध्ये, किल्ला १९६६ मध्ये काँक्रीटचा. आम्ही इंजिनियर लोक बॅकअप बॅकअप म्हणून ओरडतो ना, तो हाच.

मंडपात बसून मला सारखी मावशी आठवत होती. जुलै २०२४ मध्ये मुठेचं पाणी एकतानगरी भागात शिरलं, तेव्हा तिच्या तळमजल्यावरच्या घरात कंबरभर पाणी होतं. लग्नाचा अल्बम गेला, काकांची पुस्तकं गेली. आणि तिचं घर त्या मैत्री उद्यानापासून फार लांब नाही. बागेचं रूप आपण ओकायामाहून आणलं, पण बागेच्या आधीचा धडा तिथंच राहिला.

२०१८ साली पश्चिम जपानमध्ये भयंकर पूर आला. तेव्हाही आसाहीचं जास्तीचं पाणी ह्याक्केनगावातूनच गेलं. तीनशेहून जास्त वर्षांचं काम, अजून चालू!

परत आल्यावर मावशीला फोटो दाखवले. ती तळ्याचा फोटो बघून म्हणाली, “छान आहे रे. पण तो कालवा कुठाय? त्याचा फोटो नाही काढलास?”

खरंच नव्हता काढला. मी बागच बघून आलो होतो.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, आपल्या भागात आधी ओढा कुठून वाहायचा, पानशेतच्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं. व्हॉइस नोट करून ठेवा. काय सांगावं, उद्या कुणाला तरी त्याच बॅकअपची गरज पडेल. भेटू पुढच्या भागात!