न सुटणारा बोल्ट

तासाभरात उरकेल अशा हिशेबाने रविवारी सकाळी हाती घेतलेली गाडीची दुरुस्ती अडते ती बहुधा एखाद्या क्षुल्लक बोल्टापाशी. पाना लावून जोर दिला तरी बोल्ट हलत नाही. आणखी जोर दिला की पाना घसरतो, डोक्याचे कोपरे झिजतात, नाही तर डोकेच तुटून हातात येते. गाडीचे एक चाक सुटलेले आणि सोमवारी सकाळी कचेरी गाठायची. यापुढचे नुकसान बहुतांशी घाईचे असते. मूळ बिघाड शंभर रुपयांचा. चिडून दिलेला पुढचा झटका हजारांत जातो.

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ पर्यंत तयार होत राहिलेल्या मारुती ८०० ने असंख्य मराठी घरांत ही हौस रुजवली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे ते इंजिन साधे होते, बॉनेटखाली हात घालायला जागा होती. आजच्या गाड्यांत ती जागा उरलेली नाही. पण पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्यात सुटे भाग शोधत फिरणारे हौशी अजून आहेत. नट-बोल्टांचा स्वभावही बदललेला नाही.

बोल्ट जाम होतो तो मुख्यतः गंजामुळे. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे आट्यांमधली बारीकशी फट भरून जाते. मुंबई-कोकणातील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे गाडीच्या पोटाखाली हे लवकर घडते. अशा वेळी जोर करण्याआधी गंज सोडवणारे पातळ तेल मारून वाट पाहणे हा पहिला उपाय. दहा मिनिटे नव्हेत, जमल्यास रात्रभर. मधूनमधून हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आत झिरपते. पाना बारा कोनी असल्यास तो बाजूला ठेवून सहा कोनी बॉक्स पाना घ्यावा; तो कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर जोर देतो. बोल्ट थोडा हलला की एकदम ओढत सुटू नये. अर्धा फेरा सोडवावा, पाव फेरा पुन्हा आवळावा. तुटलेला गंज आट्यांतून बाहेर पडू द्यावा. ज्योतीने तापवण्याचा मार्ग गॅरेजवाल्यांसाठी ठेवावा. तेल मारलेल्या जागी, पेट्रोलच्या नळीजवळ आगीशी खेळ नको.

बोल्ट तुटलाच तर उरलेल्या तुकड्याच्या बरोबर मध्यावर पंच मारून भोक पाडायचे आणि उलट्या आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरने तो बाहेर काढायचा, अशी रीत आहे. मात्र भोक मध्यावरून सरकले तर भोवतालचे आटे कापले जातात. एक्स्ट्रॅक्टर अतिकठीण पण ठिसूळ पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. ज्याने हे पूर्वी केलेले नाही त्याने पहिला प्रयोग इंजिनवर करू नये, हे बरे.

बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये बसत असेल तर आटे जाण्याची भीती अधिक. स्पार्क प्लगचे हेच. इंजिन पूर्ण थंड असतानाच प्लग काढावा. नवा प्लग आधी हाताने बसवावा आणि पहिल्या दोन फेऱ्यांत अडला तर तिरका गेला असे समजून परत काढावा. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे २५ सेंटिमीटर दांड्याच्या टोकाला दहा-बारा किलोंचा जोर. उत्साही हात सहज याच्या दुप्पट लावतो. गेलेले आटे नव्याने पाडून त्यात तारेची गुंडाळी बसवता येते. कारागीर त्याला हेलिकॉइल म्हणतात. नीट बसवली तर ती मूळ आट्यांपेक्षा कमकुवत नसते. ऑइल चेंबरच्या बोल्टचे आटे गेले तरी हाच उपाय चालतो. टेप गुंडाळून वेळ मारून नेणे महागात पडते, कारण बोल्ट वाटेत गळून पडला तर इंजिन तेलावाचून क्षणांत जाते.

काही अडचणींत मात्र थांबणे हाच उपाय असतो. गाडी केवळ जॅकवर उभी असताना जाम बोल्टला हिसका देणारा माणूस स्वतःच्या छातीवर गाडी ओढून घेत असतो. खाली शिरण्यापूर्वी सपाट, टणक जमिनीवर स्टँड लागलेच पाहिजेत, आणि चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. ब्रेकच्या नळीचा नट गोल झाला, ऑइल गळू लागले किंवा पेडल तळाला गेले, तर ‘कोपऱ्यापर्यंत हळू नेतो’ हा विचार सोडून द्यावा. गाडी दोरीने टोचन करणेही चूक, कारण मागच्या गाडीलाही ब्रेक लागतो. ती उचलूनच न्यावी.

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर संकोचापायी अर्धवट हकिकत सांगण्याची सवय सार्वत्रिक आहे. काय उघडले, किती जोर लावला, कोणते तेल ओतले, आत काय तुटून राहिले, हे मेकॅनिकला सरळ सांगावे. काढलेले नट, वॉशर आणि तुटलेले डोके पिशवीत घालून सोबत द्यावे. आट्यांचे माप त्या तुकड्यावरूनच कळते.