तळटीप: एफआरपीची टाकी आणि आम्ल

तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे ५ संच आहेत. अशा संचांच्या बॉयलरना क्षारमुक्त पाणी लागते. ते पाणी करणारे आयन-विनिमयाचे मणी हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन पुन्हा कामाला लावतात, आणि हे आम्ल साठवायला एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू घातलेल्या रेझिनच्या, टाक्या चालतात. या टाक्या टिकतात त्या काचेच्या जोरावर, हा समज मात्र उलटा आहे. नेहमीच्या ई-काचेतून आम्ल कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम ओढून काढते. वर ताण असेल तर तंतू थोड्या भारानेही तुटतो. आम्ल काचेच्या बाटलीत तर खुशाल राहते, असे कोणी म्हणेल. पण त्या काचेची घडण निराळी, शिवाय काही मायक्रॉन जाडीच्या तंतूजवळ गमवायला असते तरी किती? खरे रक्षण करते ते रेझिन, बहुधा व्हिनाइल एस्टर: आतल्या बाजूचा अडीच-तीन मिलिमीटरचा रेझिनभरला थर, त्याच्या पृष्ठभागी आम्लाला टिकणाऱ्या सी-काचेचा विरळ पडदा. (हायड्रोफ्लोरिक आम्ल काचच खाते, तिथे पडदा पॉलिएस्टरचा.) मग तंतूंसाठी आम्लाला अधिक टिकणाऱ्या, बोरॉनविरहित ईसीआर काचेवर जास्त पैसे का घालायचे? कारण त्या थराला बारीकशी चीर गेली, की आम्ल थेट भार पेलणाऱ्या तंतूंशी भिडते.