आईचा खुबा

गेल्या वर्षी श्रावणात, वाशीमच्या आमच्या घरी, आईच्या खुब्याने असहकार पुकारला. सांधा बदलावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले. "हाड काढून प्लास्टिक घालणार होय रे?" आईने विचारले. तिला धीर यावा म्हणून मी या सांध्याचा इतिहास धुंडाळला.

१८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये ग्लुक यांनी हस्तिदंताचे सांधे वापरून पाहिले. पुढे फ्रान्सच्या ज्युडे बंधूंनी ॲक्रिलिकचा गोळा काढला. एका रोग्याचा तो गोळा इतका कुरकुरे, की बायको त्याच्याजवळ बसेना! ही हकीकत ऐकून इंग्लंडचे जॉन चार्नली घर्षणाच्या विचाराला लागले. त्यांनी बसविलेल्या टेफ्लॉनच्या वाट्या चारदोन वर्षांतच झिजल्या. तेव्हा हा गृहस्थ नवे द्रव्य स्वतःच्या मांडीत घालून बसला! १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी पॉलिथिलीनची वाटी आणि पोलादी गोळा बसविला, तो टिकला.

"स्वतःच्या मांडीत?" आई म्हणाली, "मग बसव म्हणावं."

शस्त्रक्रिया पार पडली. घरातल्या सतरंज्या उचलल्या, शौचकूप उंच केला, झोपताना पायांत उशी आली. मांडी घालणे, उकिडवे बसणे बंद. सारा जन्म जमिनीवर बसलेल्या आईला तेवढ्याने एकदा रडू कोसळले. "भुईशीच तोडलंत रे मला!"

भाऊबीजेला आम्ही पाट मांडलाच नाही. मामा खुर्चीवर बसले. एका हातात काठी, दुसऱ्यात निरांजन घेऊन आईने उभ्यानेच ओवाळले. तबक मी धरले होते. माझाच हात थरथरत होता, आईचा नव्हे.